मदत हवी आहे: जांभळी लोबेलिया स्पेसिओसा (फुलझाड) फुलांचा दांडाच काढत नाही

ओली_कुंडी
कोथरूड, गच्ची, सकाळचं 4 तास ऊन. संकरित लोबेलियाची 6 रोपं, सप्टेंबरअखेर बी पेरलं होतं. 10 इंची कुंड्या. लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत समसमान. कुंड्या पाण्याच्या ताटलीत. पानांचा गड्डा वीतभर पसरलाय, दांड्याचा पत्ता नाही. खालच्या पानांच्या कडाही करपताहेत. पाकिटावर उंची 90 सेंमी, फुलं जुलै ते सप्टेंबर. तोवर थांबू का?

गड्डेकरी
थांबून उपयोग नाही. पाकिटावरचे महिने युरोपच्या उन्हाळ्याचे, तिथे दिवस 15-16 तासांचा असतो. ही दीर्घ दिवसाची वनस्पती आहे; साधारण 14 तासांचा दिवस मिळाला की दांडा उचलते. पुण्यात जूनमध्येसुद्धा दिवस 13 तासांच्या थोडाच वर जातो, आत्ता डिसेंबरात तर जेमतेम 11. खत वाढवून काही होणार नाही, नुसती पानं माजतील.

उपाय म्हणजे रात्र मधोमध तोडायची. रात्री 10 ते 2 दिवा लावा, टायमरवर. 9 वॅटचा पिवळसर एलईडी गड्ड्यापासून साधारण मीटरभर उंच. पानांपाशी 100 लक्स (उजेडाचं माप) पुरेत, मोबाईलच्या अ‍ॅपवर अंदाज येतो. एकही रात्र चुकवू नका. दांडा वीतभर होईपर्यंत तरी दिवा बंद करायचा नाही. आत्ताच सुरू केलंत तर मार्चच्या आत-बाहेर फुलं, म्हणजे 40 अंशांच्या उन्हाआधी.

मातीमोल
कडा करपतात त्या क्षारांमुळे. बोअरचं पाणी आहे का? त्यात कोकोपीट न धुता वापरलं असेल तर झालंच. ताटलीतलं पाणी खालून वर चढतं, वरून उडून जातं, क्षार कुंडीतच राहतात. मातीवर पांढरी साय दिसेल. दर 15 दिवसांनी वरून भरपूर पाणी घालून खालून वाहू द्या, ते ताटलीत साठू देऊ नका. कोकोपीट पुढच्या वेळी 3 पाण्यांत धुवा.

ताटलीत 2 सेंमीपेक्षा जास्त पाणी नको, आणि आठवड्यातून एकदा ती पूर्ण कोरडी करा. डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. ओलावा आवडतो याचा अर्थ गड्डा बुडवावा असा नाही. मधला कोंब मातीच्या वरच हवा, पालापाचोळाही त्याच्यावर नको, कुजतो.

ओली_कुंडी
बोअरचंच पाणी आहे. दिवा आजच लावते. दोन प्रश्न: उन्हाळ्यात काय करू? आणि बी पुन्हा पेरायचं तर?

गड्डेकरी
फुलं ओसरली की दांडा बुंध्याशी कापा, 50 टक्के सावलीच्या जाळीखाली हलवा. रोप जूनपर्यंत टिकलं तर बाजूचे फुटवे मुळांसकट वेगळे करून लावा. खरं सांगायचं तर इथे हिला हंगामी समजणंच बरं. मे महिन्यातल्या उकाड्याच्या रात्री हिला सोसत नाहीत.

बी धुळीसारखं बारीक असतं. बारीक वाळूत मिसळून ओल्या कोकोपीटवर भुरभुरा, वर माती अजिबात नको, उगवायला उजेड लागतो. पाणी खालून. 20-22 अंशांत दोन-तीन आठवडे. झाकण जास्त दिवस ठेवलं तर रोपं बुंध्याशी मऊ होऊन माना टाकतात.

मातीमोल
घरात मांजर किंवा लहान मूल असेल तर लक्ष ठेवा, सगळं झाड विषारी आहे. आणि नुसता ओल्या जागी उंच जांभळा रंगच हवा असेल तर सोसायट्यांच्या कडेला असते ती रुएलिया लावा, दिव्याबिव्याची भानगड नाही. फक्त कुंडीतच लावा, जमिनीत गेली की आवरत नाही.