एव्हर्टनचे पॉइंट लगेच कापले, मग सिटीचं काय?

राईट_विंगर: मला एक कळत नाही, प्रीमियर लीग (इंग्लंडची वरची फुटबॉल लीग) मधल्या एव्हर्टन क्लबची तोट्याचा नियम मोडल्याची केस मार्च २०२३ मध्ये चौकशी कमिशनकडे गेली आणि नोव्हेंबरात १० पॉइंट कापून मोकळे. मँचेस्टर सिटी क्लबवर पैशांचे नियम मोडल्याचे ११५ आरोप त्याच्याही आधी, फेब्रुवारीत लागले, तरी सुनावणी सुरू व्हायलाच सप्टेंबर २०२४ उजाडला. मोठ्या क्लबांना वेगळा कायदा आहे का?

बेंचवरचा: दोन्ही एका पारड्यात टाकू नकोस भाऊ. एव्हर्टनने १०५ मिलियन पाउंड तोट्याची मर्यादा ओलांडल्याचं स्वतःच मान्य केलं होतं, भांडण होतं ते किती ओलांडली आणि शिक्षा किती यावर. सिटी सगळंच नाकारतेय आणि आरोप २००९ पासूनचे, एकेक स्पॉन्सरशिपचा कागद उकरायचा म्हणजे वेळ जाणारच. आणि अपीलात एव्हर्टनच्या १० चे ६ झाले हे विसरलास वाटतं.

ऑफसाइड_ट्रॅप: वेळ जाणार मान्य, पण पैसेवाल्यांचा खरा डिफेंडर वेळच असतो ना. २०२० मध्ये युएफाने (युरोपची फुटबॉल संघटना) सिटीला पैशांच्या नियमांवरूनच दोन वर्षं युरोपातल्या स्पर्धांतून बाहेर काढलं, सिटी लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेली, बंदी उडाली, दंड ३० मिलियन युरोवरून १० वर आला. काही आरोप सिद्ध झाले नाहीत हे ठीक, पण काही तर निव्वळ पाच वर्षांची मुदत उलटली म्हणून बाद!! लेस्टर क्लबवरही तोट्याचा आरोप होता, त्यांचं अजून भारी, हिशोबाचं वर्ष ३० जूनला संपतं आणि तोवर टीम रेलिगेट होऊन (खालच्या लीगमध्ये जाऊन) प्रीमियर लीगची मेंबरच राहिली नव्हती, म्हणून २०२४ ला अपीलात सुटले. असलं भोक शोधणारा वकील छोट्या क्लबला परवडतो का?

गोलपोस्ट: मला वेगळंच खटकतं. खर्च केला मालकाने, सह्या केल्या त्याच्या माणसांनी, आणि रेलिगेशनच्या भीतीने झोप उडते सीझन तिकीटवाल्यांची. गुडिसनवर, एव्हर्टनच्या तेव्हाच्या मैदानावर, लोक निषेधाची गुलाबी कार्डं धरून उभे होते ते उगाच नाही. 'बरी' (Bury) नावाचा छोटा क्लब बघा, १८८५ पासूनचा, शेवटच्या मालकाने १ पाउंडात घेतला आणि ऑगस्ट २०१९ ला इंग्लिश फुटबॉल लीगमधून (प्रीमियर लीगच्या खालची) हकालपट्टी, कारण क्लब चालवायला पैसा आहे हेच दाखवता येईना. मालकाला आत घेतानाच कोणी नीट चौकशी का नाही केली? २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून इंग्लंडच्या फुटबॉलसाठी स्वतंत्र रेग्युलेटर आणलाय, तो मालकांचा पैसा कुठून येतो ते तपासणार. बघू.

राईट_विंगर: एव्हर्टनने मान्य केलेलं हे माहीत नव्हतं, थँक्स. पण सिटी दोषी ठरली तर जुन्या ट्रॉफ्या दुसऱ्या नंबरवाल्यांना देणार का?

बेंचवरचा: २०१८-१९ ला ९७ पॉइंट घेऊनही सिटीच्या मागे दुसऱ्या आलेल्या लिव्हरपूलवाल्यांना विचार 😄