स्वयंसेवी संस्था आर्थिक विकास घडवतात, की केवळ मदत पोहोचवतात?

प्रश्न (अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे):
रोजगार आणि उत्पन्न वाढवण्याचे काम बाजार व सरकार करतात, संस्था फार तर अडल्यानडल्यांना हात देतात, असे आमच्या वर्गातील बहुतेकांचे मत आहे. मला ते पटत नाही. परंतु खोडून काढण्याजोगे ठोस उदाहरण हाती नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त बँक कर्मचारी, मुंबई):
गिरणगावातील खाणावळवाल्या बायांपासून सुरुवात करावी. गिरणी कामगार महिनाभर जेवत आणि पगार झाला की पैसे देत. तोवर धान्य वाण्याकडून उधारीवर आणावे लागे आणि सगळी कमाई व्याजातच जाई. या बाया पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत होत्या, त्यांचे गिऱ्हाईक ठरलेले होते, तरीही तारण नसल्यामुळे बँकेच्या लेखी त्या कर्जदारच नव्हत्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचवले. स्वयंपाक त्यांना कुणी शिकवावा लागला नाही. अडले होते ते खेळत्या भांडवलापाशी.

म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेचाही इतिहास पाहावा. प्रवर्तक महिला निरक्षर असल्याने परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला. महिला लिहावाचायला शिकल्या आणि 1997 मध्ये बँक सुरू झाली.

उत्तर (शेतकरी, जव्हार तालुका):
आमच्याकडील उदाहरण ‘वाडी’चे. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने 1982 मध्ये गुजरातमधील वांसदा भागात हा प्रयोग सुरू केला. आदिवासी कुटुंबाच्या सुमारे एकरभर वरकस म्हणजे हलक्या जमिनीत आंबा-काजूची कलमे आणि बांधावर जंगली झाडे लावायची, अशी त्याची रचना. कलम फळाला येईपर्यंत चार-पाच वर्षे जातात आणि उन्हाळ्यात प्रत्येक आळ्यात हंड्याने पाणी घालावे लागते. एवढा काळ थांबणारा सावकारही नाही आणि व्यापारीही नाही. म्हणून मधल्या काळासाठी भाजीपाला हवा.

आमच्या भागात त्याला मोगऱ्याची जोड मिळाली. कळी मिटलेली असतानाच खुडून दादरच्या फूलबाजारात पोहोचवावी लागते, कारण उमललेल्या फुलाला भाव मिळत नाही. दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्टीवर जाणारी काही कुटुंबे यामुळेच घरी राहू लागली, आणि माझ्या मते विकासाचे याहून खरे माप नाही. पुढे नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने आदिवासी विकास निधीतून हाच नमुना अनेक राज्यांत नेला.

उत्तर (माजी कार्यकर्ती, मराठवाडा):
वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु एक अनुभव नोंदवणे आवश्यक वाटते. मी काम करत असलेल्या संस्थेने एका बचत गटाला डाळ मिल दिली. उद्घाटन झाले, छायाचित्रे अहवालात छापून आली. मात्र तूर हंगामात रोख पैसे मोजून कोण विकत घेणार, याचा विचार झालेला नव्हता. तीन वर्षांनी देणगी थांबली, विजेचे बिल थकले आणि मिल बंद पडली. बायकांनी स्वतःची बचत त्यात घातली होती, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून अभ्यासासाठी संस्था निवडताना, जिचे काम त्या गावात संपून पाच-सात वर्षे झाली आहेत अशीच निवडा, आणि संस्थेच्या कार्यालयाआधी गटाची हिशेबवही पाहायला मागा.