सल्ला हवा: दिसायला गुंड, स्वभावाने साधू अशा कुत्र्याचे फोटो

गण्या_घाटकोपरकर
मित्राकडे रॉटवायलर आहे, नाव बाळू. वजन पन्नास किलोच्या घरात, पण घरातलं मांजर त्याच्या ताटलीत तोंड घालतं तेव्हा हा बाजूला बसून त्याचं आटपायची वाट बघतो. मित्र भाड्याने मुलुंडला जातोय. घरमालकाला आणि सोसायटीच्या कमिटीला पाठवायला बाळूचे बरे फोटो हवेत. मोबाइलवर काढले ते एकतर काळा डाग आणि त्यात दोन ठिपके, नाहीतर आत्ता अंगावर येतो की काय असा अवतार. माझ्याकडे जुना क्रॉप (लहान) सेन्सरवाला डीएसएलआर कॅमेरा आणि १८-५५ व ५० एमएम एफ १.८ अशा दोन लेन्स आहेत. स्टुडिओ नको, अनोळखी जागी तो बावरतो.

फिल्मवाला_काका
मोबाइलची नेहमीची लेन्स वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी असते. दोन फुटांवरून फोटो काढला की नाक-जबडा फुगतो आणि कान मागे जातात. तुमचा अर्धा गुंड तिथेच तयार होतो. ५० लावा आणि आठ-दहा फूट लांब बसा. हो, बसाच. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. जमिनीला टेकवून वर बघत काढलात तर तो पोस्टरवरचा खलनायक दिसेल. आणि १.८ चा, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडायचा मोह नको. एवढ्या लांब तोंडाच्या कुत्र्यात डोळे शार्प आले तर नाक धुरकट होतं. छिद्र लहान करून एफ ४ ठेवा.

निशिगंधा_ठाणे
काकांना अनुमोदन. काळा डाग का येतो ते सांगते. मागे पांढरी भिंत किंवा आभाळ असलं की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर उजेड कमी करतो आणि कुत्रा बुडतो. तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) अधिक एक करा. पण बाळू फ्रेमभर असेल तर उलटं होतं. मीटरला वाटतं अंधार आहे, मग तो उजेड वाढवतो आणि काळा कुत्रा राखाडी होतो. तेव्हा उणे करायचं. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, म्हणजे केसांतले तपशील नंतर वर आणता येतात. काळ्यात काळा डोळा फोकसला सापडत नसेल तर डोळ्यावरच्या बदामी ठिपक्याच्या कडेवर फोकस धरा. चेहऱ्यावरचे भावही त्या ठिपक्यांमुळेच दिसतात, ते कापू नका. फ्लॅश अजिबात नको, डोळे हिरवे चमकतील आणि सगळी मेहनत पाण्यात.

गण्या_घाटकोपरकर
भारी! बाहेर कुठे नेऊ? दादर चौपाटी चालेल?

फिल्मवाला_काका
सकाळी लवकर चालेल. आपले किनारे पश्चिमेला, त्यामुळे ऊन इमारतींच्या मागून येतं आणि थोडा वेळ वाळूवर छान मऊ सावली असते. काळ्या केसांना तोच उजेड मानवतो. संध्याकाळी सूर्य समुद्राकडून, शिवाय भेळवाले आणि गर्दी.

मोती_आणि_मी
काका, फोटोचं ठीक, पण चौपाटीवर भटक्या कुत्र्यांचं टोळकं आलं की बाळूचं सगळं लक्ष तिकडे, आणि अंग ताठ. तो ताठपणाच फोटोत राग म्हणून दिसतो. घरीच काढा. गॅलरीचं दार उघडून त्याला आडव्या उजेडात बसवा. खिडकी नको, ग्रिलच्या दांड्या डोळ्यात उमटतात.

आणखी एक. कुत्र्याला लेन्स म्हणजे टक लावून बघणारा मोठा डोळा. आधी कॅमेरा खाली ठेवून त्याला मनसोक्त हुंगू द्या. जीभ ओठांवरून फिरवायला लागला, विनाकारण जांभया देऊ लागला, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसलं, की थांबा. फिरून आल्या आल्या काढू नका. मुंबईच्या दमटपणात तो जबडा ताणून धापा टाकतो, ओठ मागे जातात आणि सगळे दात बाहेर. पंख्याखाली पडू दे. थोड्या वेळाने तोंड सैल उघडं आणि जीभ बाजूला लोंबती, तो क्षण तुमचा. काट्यांचा पट्टा असेल तर काढून साधा घाला.

खडूस_अंधेरी
गॉगल-टोपी घालून 'क्यूट' करू नका, एवढीच विनंती. मालकाला कुत्रा मोठा आहे हे कळायलाच हवं, नाहीतर सामान उतरवण्याच्या दिवशी लिफ्टपाशी तमाशा. घरातलं माणूस फ्रेममध्ये घ्या. आजी मटार सोलतेय आणि हा पायाशी पसरलाय, याच्यापुढे कसलं पोर्ट्रेट? लहान मूल गळ्यात पडलंय असा मात्र नको. बहुतेक कुत्र्यांना मिठी आवडत नाही आणि कमिटीवाल्यांच्या छातीत धडकी भरेल ती वेगळीच.

मोती_आणि_मी
मिठीबद्दल +१००. थोडं अवांतर: पाळीव प्राण्यांवर सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. कोणी २०२४ च्या मार्चमधलं केंद्राचं २३ जातींच्या बंदीचं पत्र पुढे केलं (रॉटवायलर त्यात होता), तर कर्नाटक उच्च न्यायालयाने ते महिन्याभरातच रद्द केलं हेही माहीत असू द्या. पण घरमालकाचा होकार भांडून मिळत नाही. फोटोंसोबत रेबीजच्या लशीचं कार्ड आणि बीएमसीचं लायसन्स पाठवा.

गण्या_घाटकोपरकर
सगळ्यांचे आभार! रविवारी सकाळी गॅलरीत. मित्राच्या आईला विचारलं, मटाराचा सीझन नाही म्हणून गवार निवडायला बसणार आहेत. फोटो इथेच टाकतो.

निशिगंधा_ठाणे
गवार चालेल. ओला पंचा जवळ ठेवा, या जातीला लाळ फार. काळ्या छातीवर ती पांढरी चमकते आणि नंतर एडिटमध्ये पुसत बसावं लागतं.

काठावरची
रुमाल टाकून ठेवतेय. आमच्याकडे काळा लॅब्रॅडोर आहे, तोही फोटोत नुसता भोक दिसतो.