चर्चा: बंजारा म्हणजे बेघर?

मल्हारगंजकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, बंजारा म्हणजे वनात हिंडणारा, घरदार नसलेला मनमौजी. वाचून डोकं फिरलं. शब्द 'वाणिज्य'वरून आलाय! शेकडो बैलांवर मीठ-धान्य लादून तांडे माळव्यातून दख्खनेत उतरायचे. मोगल असोत की मराठे, फौजा यांच्याच धान्यावर जगायच्या. तांड्याला नायक, वाटा ठरलेल्या. १८७० च्या दशकात खंडव्याहून इंदूरला रेल्वे आली, तशी देशभर पसरली आणि बैलांचं काम गेलं. वर अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. धंदा बुडाला म्हणून माणसं उघड्यावर आली. ते त्यांच्या नावाचा अर्थ नव्हे.

राजेंद्रनगरची ताई: काका, 'वनचर' ही व्युत्पत्तीही देतात. तुम्ही एकच धरून बसलात. आणि खानाबदोश म्हणजे खांद्यावर घर घेतलेला. त्यात अपमान कुठे?

जुनी इंदूरवाला: व्युत्पत्ती राहू द्या. आमच्या दुकानासमोर गाडिया लोहारांची, म्हणजे बैलगाडीवर संसार घेऊन फिरणाऱ्या लोहारांची पालं आहेत, गिऱ्हाईक आत येत नाही. त्यावर बोला.

राजेंद्रनगरची ताई: आमच्या आईने त्यांच्याकडूनच तवा घेतला. बाप सांडशीत लाल लोखंड धरून बसलेला, बायको उभी राहून घण घालतेय, पोरगी भाता फिरवतेय. चित्तोड १५६८ मध्ये पडलं तेव्हा छपराखाली न राहण्याची शपथ घेतली, असं ते सांगतात. १९५५ मध्ये नेहरू त्यांना चित्तोडगडावर घेऊन गेले, शपथ सुटली म्हणून. जमीन मात्र कितीजणांना मिळाली?

जुनी इंदूरवाला: शपथ त्यांची, भुर्दंड माझा? कर मी भरतो.

मल्हारगंजकर: ज्या होळकरांच्या शहरात दुकान मांडलंत, ते सुभेदार मल्हारराव धनगर. मेंढरं घेऊन फिरणारा समाज. महाराष्ट्रात धनगर आजही भटक्या जमातींच्या यादीत आहेत.

जुनी इंदूरवाला: सुभेदारांना यात ओढू नका! त्यांना भटके म्हणायची हिंमत कशी होते?

मल्हारगंजकर: भटके म्हटल्याने सुभेदार लहान होतात, असं तुम्हाला वाटतं. माझं भांडण याच समजुतीशी आहे.

राजेंद्रनगरची ताई: बरं, व्यापाराचं मान्य. पण 'वनचर' खोटं ठरलं असं मी म्हणणार नाही.

जुनी इंदूरवाला: लोहारांना भट्टीसकट पक्की जागा द्या, अर्जावर पहिली सही माझी. तोवर फुटपाथ मोकळा हवा.