आईवडिलांसह जपानी ऱ्योकानात मुक्काम: हाकोने की किनोसाकी?

प्रश्न

नमस्कार मंडळी. येत्या नोव्हेंबरात आम्ही दोघे माझ्या आईवडिलांना घेऊन जपानला जात आहोत. तोक्यो आणि क्योतो येथील कार्यक्रम ठरला आहे. त्यात ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याचे झरे, असलेल्या एखाद्या जुन्या पद्धतीच्या ऱ्योकानात (पारंपरिक जपानी अतिथीगृहात) निवांत राहावे, अशी बाबांची फार इच्छा आहे. वज्रेश्वरीच्या कुंडांवर ते लहानपणापासून जात आल्यामुळे गरम पाण्याच्या झऱ्यांची त्यांना मुळातच ओढ आहे. आई मात्र अनोळखी बायकांसमोर विवस्त्र होऊन स्नान करण्यास तयार नाही, शिवाय तिला गुडघेदुखीमुळे जमिनीवर बसता येत नाही. दोघेही पूर्ण शाकाहारी आहेत. अशा परिस्थितीत ओन्सेनच्या गावांपैकी हाकोने बरे की किनोसाकी, आणि एक रात्र पुरेशी होईल का?

प्रतिसाद १

तुमचा मार्ग पाहता मी हाकोने सुचवेन. तोक्योहून क्योतोला जाणाऱ्या शिंकान्सेन या अतिवेगवान गाडीच्या वाटेवरच ओदावारा स्थानक लागते. सगळ्या गाड्या तेथे थांबत नाहीत, तेवढे आरक्षण करताना पाहून घ्यावे. ओदावाराहून हाकोने-युमोतो छोट्या गाडीने पाव तासावर आहे. मोठ्या बॅगा तोक्योच्या हॉटेलातून परस्पर क्योतोच्या हॉटेलात पाठवण्याची सोय जपानभर उत्तम आहे, तिचा लाभ अवश्य घ्या, म्हणजे आईबाबांना डोंगरातल्या चढउतारावर ओझे वाहावे लागणार नाही.

स्नानाविषयी सांगायचे तर, सार्वजनिक कुंडात स्त्री-पुरुषांची व्यवस्था वेगळी असली तरी पोहण्याचे कपडे चालत नाहीत, त्यामुळे आईंची अडचण अगदी रास्त आहे. त्यावर दोन मार्ग आहेत. हाकोनेत अनेक ठिकाणी खोलीलाच जोडलेले खासगी कुंड मिळते, पण ते महाग पडते. दुसरा मार्ग म्हणजे ‘काशिकिरी’, अर्थात पाऊण-एक तास केवळ आपल्या कुटुंबासाठी राखून ठेवलेले स्नानगृह. काही ऱ्योकानांत त्याची वेळ पोहोचल्यावरच ठरवावी लागते, म्हणून लवकर पोहोचणे इष्ट.

लवकर पोहोचण्याचे खरे कारण मात्र वेगळेच आहे. खोली साधारण दुपारी तीनला मिळते आणि सकाळी दहा-अकरापर्यंत सोडावी लागते. तीनला पोहोचून, तातामीवर (गवती चटयांच्या जमिनीवर) टेकून, चहा पिऊन जेवणाआधी एकदा पाण्यात उतरायचे, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा आणि पहाटे न्याहारीच्या आधी आणखी एकदा, हीच त्या मुक्कामाची लय आहे. दिवसभर भटकून सहाला धावतपळत पोहोचणाऱ्याच्या वाट्याला ती येत नाही, आणि जेवणाची ठरलेली वेळ टळली तर काही ठिकाणी जेवणही मिळत नाही. म्हणून परवडत असेल तर दोन रात्री राहा आणि मधल्या दिवशी कोणताही कार्यक्रम ठेवू नका.

प्रतिसाद २

बाबांचा विचार केला तर किनोसाकीसारखे गाव नाही. तेथे सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत आणि गावातल्या ऱ्योकानांत उतरलेल्यांना त्यांचा प्रवेश सहसा विनामूल्य असतो. युकाता हा सुती झगा नेसून, पायांत लाकडी खडावा घालून, विलोच्या झाडांनी वेढलेल्या नदीकाठाने माणसे एका स्नानगृहातून दुसऱ्याकडे निवांत चालत असतात, आणि सारे गावच एक मोठे ऱ्योकान असल्यासारखे वाटते. तरीही तुमच्या बाबतीत मी आग्रह धरणार नाही. क्योतोहून जलद गाडीनेही तेथे जायला अडीच तास लागतात, आणि नोव्हेंबरात खेकड्यांचा हंगाम सुरू झाल्यावर तिथले रात्रीचे जेवण खेकड्याभोवतीच रचलेले असते.

शाकाहाराविषयी आरक्षणापूर्वीच लेखी विचारा. केवळ ‘मांस-मासे नको’ एवढे लिहून भागत नाही, कारण सूप, उकडलेल्या भाज्या, चटकमटक सॉस या सगळ्यांचा पाया असलेला ‘दाशी’ हा अर्क बहुधा सुकवलेल्या बोनितो माशापासून काढतात. कोम्बु या समुद्री शेवाळाचा किंवा शिताके अळंबीचा दाशी वापरता येईल का, हे नेमक्या शब्दांत विचारावे. त्यांनी नकार कळवला तर वाईट वाटून घेऊ नका. आठ-दहा पदार्थांचे ते जेवण आधीपासून आखलेले असते, आयत्या वेळी बदलणे त्यांना खरोखरच जमत नाही. तशा वेळी फक्त न्याहारीसह किंवा जेवणाशिवाय खोली घ्यावी.

प्रतिसाद ३

गुडघ्यांसाठी तातामी आणि पलंग दोन्ही असलेली खोली मागा. जेवण खोलीत न घेता टेबल-खुर्चीच्या भोजनगृहात मिळेल का, हेही विचारा. कुंडात उतरण्यापूर्वी अंग स्वच्छ धुवावे लागते आणि त्यासाठीची आसने फार बुटकी असतात. खासगी स्नानगृहात आईंना उभ्याने शॉवर घेता येईल, हा त्याचा आणखी एक फायदा.

पाणी बहुधा ४० ते ४२ अंशांचे असते. रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. एरवीही पोटभर जेवल्यावर लगेच उतरू नये, प्रथम अंगावर थोडे पाणी घेऊन शरीराला सवय करावी आणि पाच-दहा मिनिटांनी सावकाश बाहेर यावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हाकोनेत दोन रात्री, काशिकिरी असलेले ऱ्योकान, असे ठरवत आहोत. आईला युकाता नेसावाच लागेल का?

प्रतिसाद २

मुळीच नाही, त्यांना आपले कपडे चालतील. नेसला तर डावी बाजू उजवीच्या वर यायला हवी, कारण उलट पद्धत तेथे मृतदेहासाठी असते. नोव्हेंबरात डोंगरात गारठा असतो, म्हणून ऱ्योकानाने युकातासोबत ठेवलेले जाड जाकीटही वरून घालायला सांगा.