पुरात गेलेली पुस्तकं दुसऱ्या कुठल्या वाचनालयात आहेत हे प्रोग्राम लिहून कसं शोधायचं?

कृष्णाकाठचा (सांगली)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण वाचा. आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयात मी संध्याकाळी मदतीला जातो. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या कपाटांचे खालचे कप्पे सगळे पाण्यात होते, आठ दिवसांनी दार उघडलं तर पुस्तकांचा लगदा. दाखल रजिस्टर तेवढं माळ्यावर होतं म्हणून वाचलं. त्यावरून आता मी आणि दोन पोरांनी मिळून गेलेल्या पुस्तकांची यादी एक्सेलमधे टाइप केलीय, साधारण अठराशे नावं. बाजारात मिळतात ती हळूहळू घेतोय, पण १९३०-४० च्या आसपासची आता कुठं मिळणार? म्हणून बघायचंय की साताऱ्याला, कोल्हापूरला, पुण्याला कुणाकडं त्यांची प्रत शिल्लक आहे का.

पायथन थोडंफार येतं. रिक्वेस्ट्स आणि ब्यूटिफुलसूप (वेबपानं मागवून त्यातली माहिती काढायची पायथनची साधनं) वापरून एका कॉलेजच्या ऑनलाइन कॅटलॉगची सर्चची पानं ओढायला लागलो, शंभरेक नावं झाली आणि त्यांनी आमचा आयपीच (इंटरनेटवरचा पत्ता) बंद केला. आणि जे मिळालं त्यात पुस्तकाचं नाव येतंय, लेखक येतोय, पण प्रती किती आणि कुठं ते काहीच येत नाही, तो तक्ता रिकामाच. कसं करायचं?

कराडचा कोडर

तक्ता रिकामा येतोय कारण तो पान उघडल्यावर जावास्क्रिप्ट मागवतंय, तुझ्या स्क्रिप्टला नुसता सांगाडा मिळतोय. ब्राउझरमधे एफ-बारा दाबून नेटवर्कचा टॅब बघ, मागं एखादी जेसनची (नुसती माहिती मागवणारी) रिक्वेस्ट दिसेल. पण भावा खरं सांगू का, पानं स्क्रॅप करत बसूच नको, उद्या त्यांनी डिझाइन बदललं की सगळं परत लिहायचं. कॅटलॉग एकमेकांशी बोलावेत म्हणून रस्ते आधीच आहेत. जुना म्हणजे झेड३९.५०, त्याला याझ-क्लायंट नावाचं फुकट टूल आहे. नवा एसआरयू, त्यात साध्या यूआरएलमधे प्रश्न टाकायचा आणि उत्तर मार्क-एक्सएमएलमधे येतं (मार्क म्हणजे वाचनालयाच्या नोंदी लिहायचा ठरलेला साचा), ते पायथनच्या पायमार्कनं वाचायचं, वीस ओळींचं काम आहे.

त्यांचं सॉफ्टवेअर कोहा (वाचनालयं चालवायचं फुकट सॉफ्टवेअर) आहे का बघ. कोहात आयएलएस-डीआय म्हणून सोय असते, ग्रंथपालांनी ती चालू केली असेल तर गेट-अव्हेलेबिलिटीला रेकॉर्डचा नंबर दिला की प्रत मिळतेय का ते सरळ कळतं. ओएआय-पीएमएच पण असतं, सगळा कॅटलॉग एकदाच उतरवून घ्यायला ते चांगलं, फक्त प्रतींची माहिती त्यात आपोआप येत नाही, त्यांना सेटिंगमधे चालू करायला सांगावं लागतं. आणि दोन रिक्वेस्टच्या मधे दोन-तीन सेकंद थांब, रात्री चालव, यूजर-एजंटमधे (सर्व्हरला आपली ओळख सांगणारी ओळ) आपला ईमेल टाक. बिचाऱ्यांचा सर्व्हर एखाद्या कोपऱ्यातला जुना पीसी असतो, आपण शंभर धडका मारल्यावर ते बंद करणारच की.

ग्रंथपाल, सातारा

वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. रेकॉर्ड सापडलं म्हणजे पुस्तक सापडलं असं समजू नका. रेकॉर्ड पुस्तकाचं असतं, प्रत वेगळी. मार्क २१ मधे लेखक १०० नंबरच्या रकान्यात आणि नाव २४५ मधे, पण पुस्तक कुठं ठेवलंय हे ८५२ मधे असतं. कोहा प्रत्येक प्रतीसाठी वेगळं ९५२ वापरतं, म्हणजे तीन प्रती असतील तर तीनदा. त्याच्या आत छोटे उपरकाने (सबफील्ड) असतात, ए म्हणजे मूळ शाखा, ओ म्हणजे वर्गांक, पी म्हणजे बारकोड, आणि १ या सबफील्डमधे शून्य सोडून दुसरा आकडा असेल तर प्रत हरवलेली, ० या सबफील्डमधे तसा असेल तर बाद केलेली. तुमच्या स्क्रिप्टनं हे दोन तपासलेच पाहिजेत, नाहीतर वीस वर्षांपूर्वी गहाळ झालेली पुस्तकं तुमच्या यादीत "आहे" म्हणून येतील आणि तुम्ही उगीच साताऱ्यापर्यंत एसटीनं हेलपाटा घालाल.

आयएसबीएनचा इथं उपयोग नाही, तो आला १९७० नंतर. म्हणजे नावानंच शोधणार, आणि तिथंच मराठीची खरी अडचण आहे. मराठी शुद्धलेखनाचे नियम १९६२ ला बदलले. तुमची पुस्तकं त्याआधीची, म्हणजे मुखपृष्ठावर "कांहीं", "नाहीं", "कवि", "बुद्धि". आमच्याकडं कुणी जसंच्या तसं टाइप केलंय, कुणी सुधारून "काही", "कवी" केलंय. परदेशातल्या लायब्ररीत तर बऱ्याचदा रोमन लिपीत, अक्षरांखाली टिंबं देऊन.

कृष्णाकाठचा (सांगली)

ताई हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, म्हणूनच अर्धी नावं "सापडत नाही" येत होती बहुतेक. मग जुळवायचं कसं?

कराडचा कोडर

मूळ नावाला हात लावू नको, शेजारच्या रकान्यात जुळवणीसाठी वेगळी किल्ली बनव. दोन्हीकडचं नाव एनएफसी करून घे (म्हणजे युनिकोडमधलं अक्षर एकाच ठराविक रूपात येतं), मधली न दिसणारी जोडचिन्हं, झेडडब्ल्यूजे, काढून टाक, ऱ चा र कर. "दुसऱ्या" दोन तऱ्हेनं टाइप होतं, डोळ्याला एकच दिसतं आणि कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. ॲ चं पण तसंच, युनिकोडमधे तो २००८ ला आला, त्याआधीच्या नोंदीत अ वर चंद्र दिलेला असतो आणि एनएफसीनं ते एक होत नाहीत, ते हातानंच बदलावं लागतं. मग सगळे अनुस्वार काढ, ऱ्हस्व-दीर्घ एक कर. त्यानं चुकीच्या जोड्या पण जुळतील, म्हणून लेखकाचं आडनाव आणि साल सोबत ताडून बघ. आणि सर्व्हरला विचारताना पूर्ण नाव नको पाठवू, आडनावानं विचार, जे येईल ते उतरव, जुळवणी घरी कर.

ग्रंथपाल, सातारा

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी त्या कॉलेजच्या ग्रंथपालांना एक फोन करा. पुरात पुस्तकं गेली म्हणून शोधतोय असं सांगितलंत तर त्या स्वतःच मार्कची फाइल काढून देतील, कोहातून प्रतींसकट एक्सपोर्ट होते. आमच्याकडची मी देते, आमच्या प्राचार्यांना विचारून. स्कॅनिंगचं म्हणाल तर लेखक जाऊन ६० वर्षं पूर्ण झालेली नावं आधी वेगळी काढा, त्यांना कॉपीराइटचा प्रश्न येत नाही. आणि ज्यांची प्रत एकाच ठिकाणी निघेल त्यांच्यावर लाल खूण करा, ती पहिल्यांदा स्कॅन करायची. नद्या आमच्याकडं पण आहेत.

कृष्णाकाठचा (सांगली)

उद्या सकाळी फोन करतो. रजिस्टरमधे लेखकांची आडनावं काही ठिकाणी पाण्याच्या ओलीनं फुटलीत, ती आमच्या जुन्या सभासदांना दाखवून आधी नीट करून घेतो, मग किल्लीचा रकाना. ताई, तुमच्या फाइलची वाट बघतोय.