मदत हवी आहे: कॅडिलॅकची गोष्ट आयटीआयच्या मुलांना कशी सांगू?

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात आयटीआयच्या टर्नर-फिटरच्या मुलांसमोर अर्धा तास बोलायचं आहे. विषय मीच ओढवून घेतला: कॅडिलॅक. मुलांना वाटतं ती फक्त श्रीमंतांची लांबलचक गाडी. मला सांगायचाय तो हेन्री लेलंड.

1902 साली हेन्री फोर्ड आपल्याच कंपनीतून बाहेर पडला आणि लेलंडने तीच कंपनी डेट्रॉईटमध्ये कॅडिलॅक म्हणून उभी केली. माणूस मापाचा भलता कडक. 1908 मध्ये इंग्लंडात ब्रुकलँड्सच्या रेस ट्रॅकवर तीन कॅडिलॅक पार खोलल्या, सुटे भाग एकमेकांत मिसळले आणि नुसते पाने आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुन्हा जोडल्या. कानस लावायची नाही! तिन्ही गाड्या 500 मैल धावल्या. डेवार ट्रॉफी, म्हणजे ब्रिटनच्या ऑटोमोबाईल क्लबचं मानाचं बक्षीस, मिळालं ते यासाठी.

पुढे 1917 ला लेलंडने लिंकन ही दुसरी कंपनी काढली, आणि 1922 मध्ये ती विकत घेतली कोणी? फोर्डनेच. (हा भाग सांगताना मला स्वतःलाच हसू येतं.)

आता अडचण. ‘इंटरचेंजेबल पार्ट्स’ला, म्हणजे एका गाडीतून काढून दुसरीत तसेच बसणाऱ्या भागांना, वर्गात काय म्हणू? ‘अदलाबदलक्षम’ म्हटलं की पोरं झोपणार. तुमच्या शॉपवर काय म्हणतात? आणि ते तीन गाड्यांचं प्रात्यक्षिक टेबलावर दाखवायला काय वापरावं? माझ्या डोक्यात सायकलचे तीन हब आहेत, पण बेअरिंगच्या गोळ्या सांडल्या तर तास तिथेच संपेल. काही सुचवा.